तीस दिवसांत उत्तर न आल्यास

३ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहायची आपल्या दोघांत कधी पद्धत नव्हती, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुझी तक्रार मी बंद केली नाही. यंत्राने केली. मला ती आज सकाळी कळली, म्हणजे बंद झाल्यावर सात महिन्यांनी.

कळल्याबरोबर फोन केला. वहिनीने उचलला. तू नोकरी सोडलीस, पडद्यासमोर बसत नाहीस, फोनही घेत नाहीस, हे सगळं मला आज एका दमात समजलं. कागदावर लिहिलंत तर मी त्यांना वाचून दाखवीन, असं ती म्हणाली. म्हणून हे पत्र. आणि ती वाचणार आहे म्हणून काही गोष्टी तुला माहीत असूनही लिहाव्या लागतील. तू डोळे मिटून पड. वहिनी, हे तुमच्यासाठी; यातलं काही तुम्हाला ठाऊक असेलच.

आमच्या आईला ऐकू येत नसे. टीव्हीवर खाली येणारी अक्षरं वाचून ती मालिका बघायची, आणि ती अक्षरं कायम उशिरा यायची. पडद्यावर कुणी मेलं की आई त्याच्या आधीच्या विनोदावर हसत असायची. दादाने त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बोलणं आणि अक्षरं एका वेळी आणणारा. मग तो सगळ्यांसमोर उघडा ठेवला. कुणीही फुकट वापरावा, आत काय आहे ते बघावं, चूक सापडली तर सांगावी. मी तेव्हा कॉलेजात होते. माझं काम चुका काढण्याचं. जन्मजात अंगात होतं, शिकावं लागलं नाही. दहा वर्षांत तो प्रोग्रॅम शाळांत गेला, दवाखान्यांत गेला, कोर्टांत गेला. बिघडला की लोक आम्हाला लिहायचे. आम्ही म्हणजे दोघंच. पगार नाही, कचेरी नाही, आणि रविवारही नाही.

पुढचं त्याने तुम्हाला सांगितलं नसेल. आई गेल्यावर अकरा महिने दादाने कुणालाच उत्तर दिलं नाही. मी त्याला फोन करून विचारायला हवं होतं. त्याऐवजी, प्रोग्रॅमबद्दलच्या तक्रारी आणि चर्चा जिथे चालतात, चारशे माणसं वाचतात, त्या नेटवरच्या यादीवर मी लिहिलं: ‘ज्याला जमत नाही त्याने जागा अडवून बसू नये.’ तासाभरात त्याने प्रोग्रॅमवरून स्वतःचं नाव काढून टाकलं. एक शब्द न बोलता. त्याला तीन वर्षं झाली. मी चुकले हे मला आठवड्याभरात कळलं होतं. सांगायला तीन वर्षं लागली, कारण मी तुमच्या नवऱ्याची बहीण आहे.

आता यंत्राबद्दल. एकटी पडल्यावर माझ्या नाकी नऊ आले. दिवसभर शाळेत संगणक शिकवायचा आणि घरी येऊन तीस-चाळीस तक्रारी. दीड वर्षापूर्वी मी हात टेकले आणि उत्तरं देणारं एक यंत्र लिहिलं. यंत्र म्हणजे तेही प्रोग्रॅमच. कुणी काही लिहिलं की ते माझ्या नावाने म्हणायचं, ‘आपण कळवलंत, धन्यवाद. कृपया खालील नमुना भरावा.’ नमुना भरला की पुन्हा धन्यवाद. आणि तीस दिवसांत माझ्याकडून उत्तर न आल्यास तक्रार आपोआप बंद. म्हणजे उत्तर मी द्यायचं नाही आणि दार समोरच्याच्या तोंडावर लावायचं. तेव्हा मला ही मोठी हुशारी वाटली होती.

दादा, तुझी तक्रार बिननावाच्या खात्यावरून आली होती. यंत्राने तिला नमुना दिला. तू तो भरलास. तो मी समोर ठेवून लिहितेय.

‘कोणती आवृत्ती वापरता? सेहेचाळीस वर्षं जुनी.
काय होणं अपेक्षित होतं? सकाळी उठून कामाला बसणं.
प्रत्यक्षात काय होतं? खुर्चीत बसलो की हात मांडीवरून उठत नाहीत. दुखत नाहीत. उठत नाहीत.
पुन्हा घडवून बघण्याच्या पायऱ्या: ०. उठा. १. चहा घ्या. २. संगणक सुरू करा. ३. संध्याकाळ होते.
हे पूर्वी कधी नीट चालत होतं का? हो. दोघं होतो तेव्हा.’

पायऱ्यांना क्रमांक शून्यापासून. किराण्याच्या यादीलासुद्धा तू शून्यापासून क्रमांक द्यायचास आणि आई म्हणायची, शून्य नंबरची साखर आणायची की नाही ते एकदा सांग. मला दुसरा पुरावा लागला नाही.

तिसाव्या दिवशी यंत्राने तुला लिहिलं, ‘हालचाल न झाल्याने ही तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.’ ते मी नव्हते, दादा. एवढंच सांगायला हे पत्र आहे. बाकी तू मला काय म्हणायचं ते म्हण.

टाचणी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते, पण रोज शाळेतून आल्यावर आधी खालच्या पेट्यांमध्ये हात घालून बघते. शेजारच्यांचं वीजबिल दोनदा माझ्या हातात आलं.

तुझी तक्रार सापडली कशी, ते सांगायचं राहिलं. आमच्यात एक लघुलेखिका बाई आहेत. कोर्टात चौतीस वर्षं माणसांचं बोलणं टिपून निवृत्त झाल्या. बहिऱ्या साक्षीदारांसाठी आपला प्रोग्रॅम त्यांनीच कोर्टात आणला होता. त्यांना प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नाही आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही.

नोव्हेंबरात माझं एक झालं. वर्गात एका मुलीने हात वर करून शंका विचारली आणि मी तिला म्हणाले, “आपण कळवलंत, धन्यवाद.” वर्ग हसला. मीही हसले. मग खडू ठेवून बाहेर आले आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, जुन्या मॉनिटरांच्या खोक्यांवर बसले. तास संपल्याची घंटा झाली तरी उठता येईना. त्या मुलीने काय विचारलं होतं ते आजही मला आठवत नाही.

त्यानंतर मी यादीवर फिरकलेच नाही. यंत्र चालू होतं. गंमत बघ, सात आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट दोघातिघांनी कौतुक केलं की हल्ली मी फार सौजन्याने वागते. लक्षात आलं ते फक्त लघुलेखिका बाईंच्या. त्यांनी कुठूनतरी शाळेचा नंबर मिळवला आणि भर दुपारी फोन केला.

“तुमच्या सगळ्या उत्तरांत स्वल्पविराम एकाच जागी आहे,” त्या म्हणाल्या. “माणूस असं बोलत नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?”

मी बरी आहे म्हणाले. त्या गप्प राहिल्या. कोर्टातली बाई, माणूस पुढे बोलेपर्यंत थांबायची सवय. शेवटी मीच बोलले. अर्धा तास बोलले. त्यांनी सल्ला दिला नाही, धीर दिला नाही, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. आता आमचं आम्ही बघतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादीवर दोन ओळी टाकल्या. दोन महिने नवीन मागण्या बंद. आणि यंत्राने बंद केलेली प्रत्येक तक्रार आता माणसाने वाचायची. सहाशे तेरा होत्या. दर रविवारी सकाळी अकरा जण व्हिडिओ कॉलवर जमायला लागले. कुणी अक्षरं टंकणारे, कुणी शिक्षक, दोघं स्वतः बहिरे, आपल्याच प्रोग्रॅमची अक्षरं वाचणारे. जोड्या लावायच्या. एकाने तक्रार वाचायची, दुसऱ्याने उत्तर लिहायचं, आणि उत्तरात पहिली ओळ एकच: ‘तुमचं आज एका माणसाने वाचलं.’ या बैठकीला त्यांनी नाव दिलंय शिळा रविवार. मला बोलावत नाहीत. मी एकदा आगाऊपणे कॉलवर हजर झाले तर बाईंनी सरळ कॉल बंद करा म्हटलं.

तुझी त्यांच्याच वाट्याला आली. मला एकटीला कळवलं: ‘नमुना अगदी नीट भरलाय, पण बिघाड प्रोग्रॅमचा दिसत नाही. तुमच्या घरचं कुणी आहे का?’ मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही ही पाहिली नव्हती ना?” मी नाही म्हटलं.

वहिनी, त्यांना बरं आहे का, निदान तेवढं एका ओळीत कळवा.

टाचणी


२० फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं कार्ड आलं. जेवतोस, संध्याकाळी चालायला जातोस, डॉक्टरकडे पंधरवड्याने जातोस. माझं पहिलं पत्र दोनदा वाचून घेतलंस आणि दुसरं एकदा. का रे, दुसऱ्याने काय घोडं मारलं?

आज भांडायला लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे, खरं म्हणजे विचारायला उशीर झालाय. तुझी तक्रार बंद असली तरी सगळ्यांना दिसते, आणि बंद तक्रारीखालीही लिहिता येतं. गेल्या रविवारी कुणीतरी ती वाचली आणि खाली लिहिलं, ‘माझ्याकडेही हेच होतं.’

हे वाक्य ऐकलं की तुझं डोकं फिरायचं, आठवतं? नवी माहिती काही नाही, नुसतं माझ्याकडेही, माझ्याकडेही. एकेका तक्रारीखाली शंभर माणसं रांग लावायची. तू एकदा वैतागून लिहिलं होतंस की तुमच्याकडेही होतं हे कळून मी काय करू, पेढे वाटू? मीही ते वाक्य दिसलं की न वाचता पुढे जायचे.

आता तुझ्या तक्रारीखाली एकतीस जणांनी ते लिहिलंय. तू कोण ते कुणालाच माहीत नाही, बाई सोडून. मी काही तुझ्यासाठी हाताने उतरवून काढले आहेत.

‘माझ्याकडेही हेच होतं. हात नाही, जीभ. सभेत बोलता येत नाही. दोन वर्षं.’

‘माझ्याकडेही. मी नकाशांचा एक प्रोग्रॅम सांभाळायचो. पायरी तिसरी तंतोतंत जुळते.’

‘माझ्याकडेही. आवृत्ती तेवीस वर्षं. मला वाटलं होतं एवढ्या लवकर होत नसेल.’

‘माझ्याकडेही होत होतं. आता कमी आहे. उपाय सापडलेला नाही, पण रोज चारला एक मित्र घरी येऊन बसतो. काही बोलत नाही. त्याचं तो वाचत बसतो.’

दादा, तुला हे नको असेल तर सांग, मी सगळं काढून टाकायला सांगते. तू खाजगीत बोललास आणि मी तुझी जत्रा केली असं व्हायला नको. पण मला वाटलं तुला कळायला हवं. एकतीस माणसं, आणि एकालाही तुझ्याकडून काही नको आहे.

आणखी एक. मी चावी देऊन टाकली. नवीन आवृत्ती बाहेर काढायचा अधिकार आता तिघांकडे आहे, पाळीपाळीने. दिला त्या दिवशी बाईंवर इतकी चिडले की फोन आपटला. एवढी वर्षं ज्याने जीव नकोसा केला ते कुणी हातातून घेतलं तर आनंद व्हायला हवा ना? मी मात्र दाराआडून ऐकत राहिले, माझ्याशिवाय अडतंय का ते. नाही अडलं. मागच्या आठवड्यात त्यांनी एक आवृत्ती काढली. अक्षरं वेळेवर येतात.

तुझी पत्रं मी मागत नाही. पण पोस्टमन मला आता नावाने ओळखायला लागलाय.

टाचणी


२ मार्च

टाचणे,

तिन्ही पत्रं मिळाली. हे मी स्वतः लिहितोय, हिने नाही. अक्षर वाकडं आहे, पण ते आधीही वाकडंच होतं.

एकतीस जणांचं राहू दे. काढू नकोस. त्या चारला येणाऱ्या मित्राचं दोनदा वाचून घेतलं.

तू त्या यंत्राबद्दल एवढी माफी मागते आहेस म्हणून सांगतो. ते यंत्र आहे हे मला पहिल्या ओळीत कळलं होतं. तू जन्मात कधी कुणाला धन्यवाद म्हणाली आहेस? समोर कुणी नाही हे माहीत होतं म्हणूनच मला लिहिता आलं. डॉक्टरसमोर बसलो की दोन वाक्यं धड निघत नव्हती. तिथे प्रश्न होते, जागा होती, उत्तरं भरली. भरून झाल्यावर खूप दिवसांनी झोप लागली. महिन्याने बंद झाली तेव्हा वाईट वाटलं नाही असं नाही, पण यंत्राचा काय राग धरायचा?

यादीवर तू लिहिलंस त्याचाही राग आता नाही. होता. पण अकरा महिने मी गप्प होतो हेही खरं. आई गेली तशी मी तुझ्याशीही बोलणं टाकलं, आणि तू तिकडे एकटीने आईचं घर आवरलंस.

तू ती तक्रार पाहिली नाहीस हे चांगलंच झालं. तू वाचली असतीस आणि गप्प राहिली असतीस, तर मला ते सोसलं नसतं. आता निदान कुणीच कुणाला टाळलं नाही एवढं तरी राहिलं.

ये कधीतरी. हिला तुझं पहिलं पत्र फार आवडलं. ‘नवऱ्याची बहीण’ हे ती दिवसातून दोनदा म्हणते.

दादा


१० मार्च

दादा,

हे पत्र वहिनीला वाचायला देऊ नकोस. तुझं तू वाच. जमेल तुला, आता हात उठतात.

तुझं पत्र शनिवारी आलं. खालच्या पेटीपाशी उभं राहूनच वाचलं, मग वर येऊन परत वाचलं. दोन दिवस मी कुणी वेगळीच बाई होते. वर्गात फळ्यावर लिहिताना गुणगुणत होते म्हणे. लघुलेखिका बाईंना फोन करून आपटलेल्या फोनबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, “आवाज बदललाय तुमचा.” तीन वर्षं जे हवं होतं ते सगळं तू एका पानात दिलंस, आणि त्या बदल्यात मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात आपलं घराणं तरबेज आहे.

मी तुझी तक्रार पाहिली होती.

अठराव्या दिवशी. शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते आणि सवयीने मोबाइलवर यादी चाळत होते. पायरी शून्य दिसली आणि मी ओळखलं. पूर्ण वाचली. परत वाचली. ‘दोघं होतो तेव्हा’ इथवर आले आणि मोबाइल पालथा ठेवला. डबा संपवला. पुढच्या तासाला गेले.

एक अक्षर लिहिलं असतं तरी यंत्र थांबलं असतं. नुसतं ‘दादा’ एवढं. ते यंत्र मीच लिहिलं होतं, मला माहीत होतं ते कशाने थांबतं.

मी थकले होते हे खरं आहे. त्या दिवसांत कुणाचीही ओळ दिसली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. आणखी एकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि तो एक तू होतास. बाई, ते अकरा जण, डॉक्टर, सगळे मला समजावतील की तो थकवा होता. निम्मा होता. उरलेलं काय होतं ते मी सांगते. मला वाटलं, कळू दे आता यालाही. उत्तर न येणं म्हणजे काय असतं ते कळू दे. अकरा महिने मी रोज तुझ्या नावापुढे बघत होते. आता तू बघ. इतकं स्वच्छ वाटलं होतं मला ते, दादा. मनात कसलाही गोंधळ नव्हता.

बारा दिवस मी रोज ती उघडून बघितली. किती उरले ते मोजायला. तिसाव्या दिवशी दुपारी ती बंद झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात मला झोपही बरी लागली. नोव्हेंबरात खोक्यांवर बसले तेव्हा त्या मुलीचा प्रश्न आठवत नव्हता म्हणून लिहिलं तुला, तेही खोटं नाही. पण मला त्या वेळी दुसरं काय आठवत होतं ते मी लिहिलं नाही.

पहिल्या पत्रात मी ‘यंत्राने केली’ असं लिहिलं, आणि ते अक्षराला अक्षर खरं होतं. ‘मला ती आज सकाळी कळली’ हे मात्र खोटं होतं, आणि बाईंनाही सरळ खोटं बोलले. काल त्यांना खरं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे मला सांगून उपयोग नाही. ज्याचं आहे त्याला सांगा.”

तू लिहिलंस, वाचून गप्प राहिली असतीस तर सोसलं नसतं. म्हणून ते न सांगता तुझ्या घरी येऊन चहा पिणं मला जमणार नाही. हे वाचून तुझी तब्येत परत बिघडली तर तो दोषही माझाच, आणि या भीतीने मी दोन दिवस हे पाकीट बंद केलं नव्हतं. पण तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला लागले तर माझ्यात आणि त्या यंत्रात फरक काय राहिला?

तुझी क्षमा मी परत पाठवते आहे. ती दुसऱ्या कुणाला केली होतीस. मला करता येत असेल तर नव्याने कर, नसेल तर नको करू. मी समजावणीचं एकही पत्र पाठवणार नाही.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. दुपारी दोनपर्यंत तुमच्या दाराशी पोचेन. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडून चार दिवस झाले असतील. तू सगळं वाचलेलं असशील, आणि मला ते माहीत असेल. बेल एकदाच वाजवीन.

टाचणी